आधी कंदील

विश्रामबागेत, रेल्वे फाटकाच्या अलीकडे,
खाली बेदाण्याचं गोदाम, वर आमचं ऑफिस.
मी लिहिते ते माणसं वाचणार नाहीत, हे इरफान मुजावरनं
पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.
"एजंट वाचणार. त्याला कंटाळा येत नाही.
पण तू जे लिहायचं विसरशील
ते तो आपल्या मनानं भरून काढेल."

आजचं काम, लेख काढून टाकायचं टूल.
नाव काय, काय द्यायचं, काय परत येतं.
"चार ओळी तर आहेत," म्हणाला, आणि चहाला गेला.

पहिली ओळ:
हे टूल दिलेल्या क्रमांकाचा लेख कायमचा पुसतं.
'कायमचा' खोडलं.
पुन्हा लिहिलं.
मग 'पुसतं'पाशी अडले.
आमच्या बेडगेत पुसणं म्हणजे फरशी पुसणं,
आणि पुसणं म्हणजे विचारणंही.
आई अजून म्हणते, शेजारणीला पूस, विरजण आहे का.
दुसरी ओळ लिहिली: आधी पूस, मग पूस.
एकटीच हसले. खोडली.

उदाहरणाला एक क्रमांक हवा होता.
एजंटनं सकाळीच यादी काढून ठेवलेली,
तीन वर्षांत कुणी न उघडलेले लेख.
सर्वांत वर चारशे बारा:
'हळदीचं पेव कसं उघडावं.'
सांगणार: शिदगोंडा चौगुले, हरिपूर. वय नोंदवलेलं नाही.

उघडला.
मी चौथी वाचक असेन, फार तर पाचवी.

"तोंडावरची माती काढायची, फरशी सरकवायची,
आन् लांब बसायचं. बिडी वडायची न्हाई.
आतली हवा कोंडलेली असती, ती जाऊ द्यायची.
मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
कंदील इझला तर बाप म्हनला तरी उतरायचं न्हाई.
माझा थोरला भाऊ उतरला."

पुढे पाचटाचं, चटयांचं, पोती वर घ्यायचं.
भावाचं पुन्हा काही नाही.

एजंटची कारणं नीट होती, तेही सांगायला हवं.
पेवं पुरात ढासळली. हळद आता थंड गोदामात असते.
हा लेख वाचून कुणी काही करू शकत नाही.
तिन्ही खरं. मी वाद घातला नसता.

टूलच्या माहितीत मात्र एक परिच्छेद वाढला:
लेख काढण्यापूर्वी तो पूर्ण वाचावा.
दुसरे कुठले लेख त्याच्याकडे बोट दाखवतात ते पाहावं.
वाचक नाहीत एवढं कारण पुरेसं धरू नये.
शंका आली तर थांबावं, माणसाला विचारावं.
थांबणं ही चूक मोजली जाणार नाही.

इरफाननं वाचलं. "लांबलं," म्हणाला.
शेवटच्या ओळीवर जरा रेंगाळला,
ती ठेवली.

सराव-संचात टूल चालवून पाहिलं.
क्रमांक दिला. उत्तर आलं: यशस्वी.
पेव शोधलं, काही नाही.
कंदील शोधलं, काही नाही.
सराव होता, माहीत होतं,
तरी खऱ्या संचात जाऊन बघून आले.
होता.

सातला दिवे घालवताना एजंटचा निरोप:
"चारशे बारा वाचला.
'द्राक्षबागेतील जुनी विहीर साफ करताना' या लेखात
'कंदिलासाठी पाहा चारशे बारा' असं लिहिलं आहे.
तो लेख गेल्या महिन्यात एकोणीस जणांनी उघडला.
पुढे सरकलेलं कुणी दिसत नाही.
लेख पुसू का?"

खाली गोदामाचं शटर पडलं.
हरिपूरला चौगुल्यांचा मुलगा असतो, असं कुणीतरी म्हणालं होतं.
त्यालाच विचारावं, म्हणून घाईत टाईप केलं:
पूस.

आणि एंटरवर बोट तसंच राहिलं.

त्या एका शब्दाशेजारी कर्सर
लागत होता, विझत होता, लागत होता.